हामटा, मेचा पहिला आठवडा आणि पहाटेचा बर्फ

‘काका, आम्ही सहा जण बारा वर्षं सह्याद्रीत भटकतो आहोत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दोनदा झाली आहे. यंदा कुठल्याही संस्थेबरोबर न जाता स्वतःच हिमालयात मनालीजवळची हामटा पास ही खिंड करायचा बेत आहे, तोही मेच्या पहिल्या आठवड्यात, कारण मुलांना सुट्टी असते आणि जूनमध्ये तिथे गर्दी होते. तिकिटं काढून झाली. मला बर्फाची भीती वाटते. चुलतभाऊ आमच्या गटाचा म्होरक्या आहे. तो म्हणतो की वसंतातला बर्फ घट्ट असतो, हिमस्खलनाचे दिवस फेब्रुवारीत संपतात, आणि मागच्या वर्षी याच तारखांना एक गट जाऊन आल्याचे व्हिडिओ आहेत. मी फार विचारलं की “तू घाबरतेस” म्हणतो आणि विषय संपतो. आम्ही बीकन (बर्फात पुरलेल्या माणसाला शोधायची संकेतयंत्रं) विकत घ्यावेत का? आणि दादा म्हणतो तशी मी खरंच उगाच घाबरते आहे का?’

– पुण्याची एक वाचक

प्रिय मुली,

तू उगाच घाबरत नाहीयेस. माझं मत स्पष्ट सांगतो: मेच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ ओळखणारा तिथला माणूस बरोबर न घेता, तुम्ही सहा जणांनी हामटा ओलांडू नये. तिकिटं रद्द करायची गरज नाही. त्याच खोऱ्यात चार दिवस छान जातील असं काय करता येईल ते पुढे लिहितो. पण आधी दादाचं म्हणणं तपासू, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच गटातल्या बाकीच्यांना पटतं आहे.

वसंतातला बर्फ घट्ट असतो हे बरोबर, पण पहाटे चार वाजता. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, कणांच्या मधे पाणी शिरतं. रात्री आकाश निरभ्र असलं की बर्फातली उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि ते पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट बांधतात. काही दिवस असं चाललं की पहाटे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांना बांधायच्या काट्यांचे, दातसुद्धा जेमतेम रुततील इतका कठीण थर तयार होतो. त्यावर चालताना पाय रुतत नाही, दम कमी लागतो, उंची भराभर मिळते. दादाने पाहिलेले व्हिडिओ बहुधा या वेळेचेच असतील.

साडेदहाला तोच उतार दुसराच असतो. गोठलेले सांधे सुटतात आणि पाणी खाली झिरपू लागतं. ते आतल्या एखाद्या कडक थरापर्यंत किंवा थेट गुळगुळीत कातळापर्यंत पोचलं की वरचा सगळा बर्फ तेल लावलेल्या तव्यावरच्या घावनासारखा सुटा होतो. मग त्याला निसटायला एका माणसाचं वजनही पुरतं, आणि कधी तेवढंही लागत नाही. ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. उतार त्याच क्रमाने बिघडत जातात. उत्तरेकडच्या उतारांना ऊन कमी लागतं, म्हणून ते थंड राहतात. पण तिथे हिवाळ्यातला जुना नाजूक थर अजून आत दडलेला असू शकतो. तो खणून पाहिलास तर मुठीत न ठरणाऱ्या जाड साखरेसारखा लागतो. त्याच्यावर बर्फाची लादी बसलेली असते, आणि ती मोडली की अख्खा उतार एकदम हलतो.

मी तिशीत असताना एप्रिलच्या शेवटी मनालीजवळ धुंदीच्या वर होतो. न्याहारीत वेळ गेला, निघायला उशीर झाला, आणि पावणेदहाला आम्ही चौघे एका उताराच्या पायथ्याशी पोचलो. पहिल्या दहा पावलांतच पाय मांडीपर्यंत आत गेला. वरून बर्फाचे गोळे गडगडत येत होते, गाडीच्या चाकासारखे गुंडाळत, मागे लांब चरे सोडत. आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा म्हणाला, ‘हे बरोबर दिसत नाही.’ त्याने ते बोलून दाखवलं म्हणून आम्ही बाजूच्या सोंडेवर सरकलो. वीसेक मिनिटांनी समोरच्या घळीतला बर्फ तळापासून सुटला. आवाज फार मोठा नव्हता, वाळूचा ट्रक रिकामा होतो तसा. वेगही मला वाटला होता त्यापेक्षा कमी. अर्ध्या तासाने खाली जाऊन पाहिलं तर त्या ढिगात आइस ॲक्सचा, म्हणजे बर्फातल्या कुदळीचा, दांडा रोवता येत नव्हता. ओला बर्फ थांबला की असा आळतो. त्यात माणूस सापडला तर हातांनी उकरून तो निघत नाही, हे त्या दिवशी मला हाताने कळलं.

हिमस्खलनाचे दिवस फेब्रुवारीत संपतात हे मात्र खरं नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला कडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. ते गिर्यारोहक नव्हते, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली माणसं होती. त्यातली वेळ आणि ती ओलांडलेली मर्यादा, दोन्ही लक्षात ठेव. शिवाय एप्रिल-मेमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, आला की वर ताजा बर्फ पडतो. तो पडून गेल्यानंतर पहिलं कडक ऊन लागतं ते तास फार वाईट असतात. एखादा फूट नवा बर्फ पडला असेल तर पुढचे एक-दोन दिवस तीव्र उताराखाली जाऊसुद्धा नये, चढणं तर लांबच.

आता सह्याद्रीविषयी. आपल्या या डोंगरांनी तुम्हाला पाय दिले, दम दिला, वाट शोधायची नजर दिली. पण एक सवयही दिली आहे आणि तीच मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. आपण वर जाताना नाळ शोधतो. कड्याला जिथे चीर आहे, घळ आहे, तिथे वाट असणार हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. नळीची वाट तुम्ही दोनदा केलीत, म्हणजे तुमच्यात ते पक्कं मुरलेलं असणार. बर्फात नेमकं उलटं करायचं असतं. वरच्या सगळ्या उतारांचा बर्फ नाळेतच येऊन ओततो, तिथे बाजूला पळायला जागा नसते, आणि ढीग रुंद पसरण्याऐवजी खोल साचतो. छोटंसं स्खलनसुद्धा नाळेत माणसाला पुरून टाकतं. बर्फात वाट सोंडेवरून आणि धारेवरून काढायची, मग ती लांबची का पडेना. धारेवरही अगदी काठाने जायचं नाही. वाऱ्याने बर्फ पलीकडे नेऊन नेऊन घराच्या वळचणीसारखा बाहेर काढलेला असतो, त्याला कॉर्निस म्हणतात, आणि खाली काही नाही हे वरून कळत नाही. उन्हाळा जवळ आला की या वळचणी तुटून पडतात आणि पडताना खालचा उतारही उचकटतात.

किती तीव्र उतार धोक्याचा? बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. आकडा नुसता ऐकून काही वाटत नाही, म्हणून असं कर: तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी राहून बघ. साध्या जिन्याचा चढ तीस-पस्तीस अंशांचाच असतो. ज्या उताराकडे पाहून सह्याद्रीतला माणूस ‘हे काय, जिन्यासारखं तर आहे’ म्हणतो, तोच उतार सुटणारा असतो. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप ट्रेकिंगच्या काठीवर ठेवून अंश मोजता येतात. घरून निघायच्या आधी सिंहगडाच्या वाटेवर सवय करा. आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही सपाटीवर चालत असाल आणि वर चारशे मीटरवर तसा उतार असेल तरी तुम्ही त्याच्या वाटेतच असता.

तंबूचंही तेच. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे मजूर राहत होते तिथे हिमस्खलन आलं. चौपन्न जण त्याखाली अडकले, आठ जण गेले. ती माणसं कुठला उतार चढत नव्हती, राहत्या जागीच होती. जागा निवडताना वर बघायचं: जंगलातून खाली आलेले झाडं नसलेले पट्टे, एकाच बाजूला वाकलेली भोजपत्राची झाडं, मोडक्या फांद्या आणि मातीने मळलेले बर्फाचे ढीग. तिथल्या गावकऱ्यांना विचार. ते बहुधा हिमस्खलन हा शब्द वापरणार नाहीत, ‘यहाँ ग्लेशियर आता है’ असं म्हणतील. आपल्याकडचे ट्रेकर हे ऐकून इथे जवळ हिमनदी आहे असं समजतात आणि आनंदाने तंबू ठोकतात. म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दादा म्हणेल, आपण अनुभवी आहोत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडली आणि एकोणतीस जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती, त्या तुकडीची प्रशिक्षक. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत चढले होते. तिच्याबद्दल मनात फार आदर ठेवून हे लिहितो आहे. बर्फाच्या आतला थर वर चालणारा किती चांगला आहे हे पाहत नाही. आणि मागच्या वर्षीचा तो व्हिडिओ? तो गट गेला त्या आधीच्या आठवड्यात किती बर्फ पडला होता, रात्री आकाश कसं होतं, ते किती वाजता खिंडीत पोचले, हे त्यात दिसत नाही. उताराने त्यांना जाऊ दिलं एवढंच त्यातून कळतं. पुढे गेलेल्यांच्या पायठशांचंही तसंच आहे. सातवा माणूस गेला आणि आठव्याच्या पायाखाली लादी मोडली असं होतं.

बीकनविषयी विचारलंस. घ्या, पण समजून घ्या. बीकन तुम्हाला हिमस्खलनातून वाचवत नाही. पुरलेला माणूस कुठे आहे हे तो वर राहिलेल्यांना सांगतो, तेही त्यांच्याकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब सळई) आणि धातूचं फावडं अशी तिन्ही असली आणि वापरता येत असली तरच. एका गटात दोघांकडे बीकन याला काही अर्थ नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसं बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर साधारण तिघांतला एकच. मनालीहून मदत यायला कित्येक तास लागतील, तेव्हा खणणारे हात तुमचेच. सराव पुण्यातही होतो: नदीकाठच्या किंवा अलिबागच्या वाळूत एक बीकन पिशवीत घालून पुरा आणि पाच जणांनी घड्याळ लावून शोधा. पहिल्या दिवशी किती वेळ लागतो ते दादाला स्वतः बघू दे. फोन बीकनपासून वीत-दीड वीत लांब ठेवायचा, शोधताना बंदच करायचा, नाहीतर संकेत बिघडतात. परदेशातून आणलेलं सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर असलं काही बरोबर नेऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि त्यावरून लोकांना अटक झाली आहे.

कोणी हिमस्खलनात सापडलाच तर बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. तो शेवटचा दिसला ती जागा एकाने बोट रोखून धरायची, दुसऱ्याने वर अजून काही सुटतंय का पाहायचं, बाकीच्यांनी तिथून खालच्या अंगाला शोध घ्यायचा. प्रोब लागला की त्याच्या डोक्यावर खणायला लागू नये, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरावं. जो वाहतो आहे त्याने काठ्या सोडायच्या (काठ्यांचे पट्टे उतारावर मनगटात कधीच अडकवायचे नाहीत), कडेला जायची धडपड करायची, आणि वेग मंदावू लागला की दोन्ही हात तोंडासमोर आणायचे. श्वासापुरती पोकळी उरली तर ती सर्वांत मोलाची.

धोक्याचा उतार ओलांडणं अटळ असेल तेव्हा एकावेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात. आपल्या गटांना ही शिस्त फार जड जाते. आपण गप्पा मारत, गाणी म्हणत, रांगेने जातो. फोटोसाठी मधेच सगळे एकत्र उभे राहतात. उताराच्या मध्यावर सहा जण उभे असलेला फोटो पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

आता तुमचा बेत. हामटा पास साधारण ४,२७० मीटरवर आहे. संस्थांचे ट्रेक तिथे बहुतेक जूनमध्ये सुरू होतात ते काही उगाच नाही. मेच्या सुरुवातीला बालू का घेरा या खिंडीअलीकडच्या मुक्कामाच्या पुढे बर्फ भरपूर असतो, खिंडीच्या दोन्ही अंगांना तीव्र उतार आहेत, आणि खिंडीपलीकडची शिया गोरूकडची उतराई तर दिवस वर आल्यावर तुमच्या वाट्याला येते. म्हणजे सर्वांत थकलेले पाय आणि सर्वांत मऊ बर्फ एकाच वेळी. नाल्यांवरचे बर्फाचे पूल तेव्हा आतून पोखरलेले असतात. वरून पांढरेशुभ्र दिसतात, खाली पाणी धावत असतं. आणि एवढं करून पलीकडे ट्रेक संपतो त्या छत्रूला पोचलात तरी तिथला रस्ता तेव्हा बर्फामुळे बंद असण्याचीच शक्यता जास्त, मग त्याच वाटेने परत फिरावं लागेल. जिल्हा प्रशासन अशा काळात वरच्या भागात जायला मनाईही करतं. मनालीत पोचल्यावर ती आहे का हे विचारल्याशिवाय निघू नका.

म्हणून मी सुचवतो ते असं. जोबरा आणि चिका हे खिंडीअलीकडचे खालचे टप्पे करा. बर्फाची स्थिती चांगली असली आणि मनालीतला जाणता वाटाड्या बरोबर असला तर बालू का घेरापर्यंत जा आणि तिथूनच परत या. खिंड ओलांडायची नाही हे पुण्यातच ठरवून निघा. तिथे बर्फात दोन दिवस मिळतील तेव्हा घसरल्यावर आइस ॲक्सने स्वतःला कसं थांबवायचं ते सपाटीत संपणाऱ्या छोट्या उतारावर वाटाड्याकडून शिका. खिंड हवीच असेल तर जूनच्या मध्यानंतर जा. गर्दी असेल, पण बर्फ कमी असेल. आणि वसंतातल्या हिमालयाची खरी ओढ असेल तर मनालीच्या किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतला प्राथमिक अभ्यासक्रम करा. जवळपास महिनाभराचा असतो, रजा काढणं कठीण आहे हे मी जाणतो, पण हे सगळं पत्रातून शिकून होत नाही.

गेलात तर रोजची पद्धत अशी ठेवा. संध्याकाळी आकाश पाहायचं. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज नेटवर्क असेपर्यंत बघून घ्यायचा. तो मोठ्या प्रदेशासाठी असतो, तुमच्या समोरच्या घळीबद्दल त्यात काही नसतं, पण इशारा लाल असेल तर पुढची चर्चाच नको. पहाटे तीनला एकाने बाहेर येऊन बर्फावर टाच आपटायची. टाच वाजली तर रात्र चांगली गोठली. बूट घोट्यापर्यंत रुतला, किंवा रात्रभर ढग होते, किंवा पाऊस पडला, तर त्या दिवशी उतारावर जायचं नाही. पुन्हा झोपायचं. रात्री ढग असले की हवा बोचरी लागूनही बर्फ गोठत नाही, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही, म्हणून टाचेचीच साक्ष घ्यायची. सगळं ठीक असलं तर अंधारातच निघायचं, आणि नऊ-साडेनऊपर्यंत तीव्र उतारांवरून आणि त्यांच्या खालूनही बाहेर पडलेलं असायचं, मग शेवटचे शंभर मीटर उरले असले तरी. बेतात एक दिवस मोकळा ठेवा. तो नसला की ढगाळ रात्रीनंतरही माणसं निघतात, कारण परतीची गाडी ठरलेली असते.

राहता राहिला दादा. ‘मला भीती वाटते’ असं त्याच्याशी पुन्हा बोलू नकोस. ती बाजू त्याने आधीच निकालात काढली आहे. सहाही जण एकत्र असाल तेव्हा त्याला चार गोष्टी विचार: आपण किती वाजता मागे फिरायचं? रात्री ढग असले तर काय करायचं? आपल्यातलं बीकन कोणाला वापरता येतं, आणि किती मिनिटांत? छत्रूचा रस्ता उघडा आहे हे कोणी विचारलं? उत्तरं कागदावर लिहून घे. तो चांगला म्होरक्या असेल, आणि बारा वर्षं तुम्हाला सुखरूप आणलंय म्हणजे असणारच, तर या प्रश्नांपाशी तो स्वतःच थांबेल. आणखी एक नियम सगळ्यांकडून मान्य करून घे: सहांतल्या एकालाही उतार बरोबर वाटला नाही तर सगळे परत, कारण विचारायचं नाही, नंतर कधी टोमणा मारायचा नाही. धुंदीच्या वर त्या दिवशी आमच्यातला तो मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. ‘गप रे’ म्हणायला आम्हा तिघांना काहीच अडवत नव्हतं.

बालू का घेराच्या अलीकडे मेमध्ये बर्फ वितळतो तिथे ओल्या मातीतून छोटी फुलं वर येऊ लागतात. मुलं मोठी झाली की त्यांना तिथवर नक्की ने. आणि वाळूत बीकन किती मिनिटांत सापडला ते मला कळव.

तुझा,
काका